फ्रॉस्टच्या कवितेतल्या दोन वाटा खरोखर वेगळ्या होत्या का?

पिंपळपार

अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘द रोड नॉट टेकन’ ही कविता सीबीएसईच्या नववीच्या ‘बीहाइव्ह’ या पाठ्यपुस्तकात अगदी सुरुवातीलाच आहे. माझ्या भाचीच्या वहीत त्या कवितेखाली ‘मध्यवर्ती कल्पना’ म्हणून एक वाक्य उतरवून दिलेले आहे: मळलेली वाट सोडून आडवाटेने जाणाऱ्यालाच आयुष्यात यश मिळते. तिने मला विचारले, की या कवितेत यशाचा उल्लेख नेमका कुठे आहे? मी कविता पुन्हा नीट वाचली, तेव्हा यशाचा उल्लेख तर सापडला नाहीच, पण आडवाटसुद्धा सापडेना.

पिवळ्या पडलेल्या रानात वाट दुभंगते. निवेदक पहिल्या वाटेकडे, ती झुडपांत वळून दिसेनाशी होईपर्यंत, बराच वेळ पाहत उभा राहतो आणि मग दुसरी धरतो. ती गवताळ होती, तिच्यावरून फारसे कोणी गेलेले नव्हते, म्हणून तिचा हक्क कदाचित जास्त असावा, असे तो म्हणतो. पण लगेच पुढच्याच ओळींत सांगतो, की तसे पाहिले तर येणाऱ्याजाणाऱ्यांनी दोन्ही वाटा सारख्याच झिजवल्या होत्या, आणि त्या सकाळी दोन्हींवर पाचोळा सारखाच पसरलेला होता. शेवटच्या कडव्यात मात्र तोच निवेदक म्हणतो, की पुष्कळ वर्षांनी मी उसासा टाकून सांगेन, की मी कमी रुळलेली वाट धरली आणि सगळा फरक त्यानेच पडला.

मग हे शेवटचे विधान खोटे समजायचे, की म्हातारपणी स्वतःची घातलेली समजूत? आणि वाटा जर सारख्याच होत्या, तर शंभराहून अधिक वर्षे ही कविता लोकांना धीर देत आली आहे, ती कशाच्या बळावर? जाणकारांनी लिहावे.

शब्दवेल्हाळ

या कवितेमागची हकिकत सांगितल्याशिवाय चर्चा पुढे जाणार नाही, म्हणून ती आधी लिहितो.

फ्रॉस्ट १९१२ मध्ये बायकामुलांसह इंग्लंडला गेले आणि त्यांचे पहिले दोन्ही संग्रह, ‘अ बॉइज विल’ (१९१३) आणि ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’ (१९१४), आधी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तिथे त्यांची एडवर्ड थॉमस या लेखकाशी गाढ मैत्री जमली. १९१४ च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टरशायरमधल्या डायमॉक गावाच्या परिसरात दोघे तासन्तास रानातून भटकत असत. थॉमस यांना झाडाझुडपांचे आणि पाखरांचे उत्तम ज्ञान होते. मित्राला एखादे दुर्मीळ फूल किंवा चांगला देखावा दाखवावा म्हणून ते मोठ्या उत्साहाने एखादी वाट निवडत आणि परतताना, दुसरीकडून गेलो असतो तर याहून चांगले पाहायला मिळाले असते, अशी हळहळ करत. फ्रॉस्टना या स्वभावाची गंमत वाटे. अमेरिकेत परतल्यावर १९१५ मध्ये त्यांनी ही कविता थॉमसना पाठवली, ती या चेष्टेचा पुढचा भाग म्हणूनच. पण थॉमस यांनी ती गंभीरपणे घेतली, आणि तुम्ही स्वतः वाचून दाखवल्याशिवाय यातली गंमत कोणाला कळेल असे वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले.

पहिले महायुद्ध चालू होते आणि त्याच वर्षी जुलैत थॉमस सैन्यात भरती झाले. वय सदतीस, पदरात मुले, आणि सक्तीची भरती तेव्हा सुरूही झालेली नव्हती. फ्रॉस्टच्या शेजारी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात जाऊन राहायचे, ही दुसरी वाट त्यांच्यापुढे खरोखरच होती. कविता १९१५ च्या ऑगस्टमध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापून आली आणि ९ एप्रिल १९१७ रोजी अरासच्या लढाईत थॉमस मारले गेले. कवितेमुळेच ते युद्धावर गेले असे काही जण रंगवून सांगतात. मला तो आततायीपणा वाटतो, कारण त्यांच्या मनातली घालमेल त्याआधीपासूनच चालू होती.

कोपऱ्यातला

म्हणजे ज्या कवितेवर प्रेरणादायी व्याख्यानांचे एवढे मोठे दुकान चालते, ती मुळात मित्राची फिरकी होती तर. हे व्याख्यात्यांना कळवण्याची जबाबदारी कोण घेणार?

गणितातली_बाई

शब्दवेल्हाळ यांनी दिलेली माहिती रंजक आहे, परंतु कविता कशी सुचली यावरून तिचा अर्थ ठरत नाही. ज्या वाचकाला थॉमस हे नावही ठाऊक नाही, त्याच्यापुढे फक्त पाच-पाच ओळींची चार कडवी असतात, आणि जे काही सिद्ध करायचे ते त्या वीस ओळींतूनच सिद्ध झाले पाहिजे.

त्या ओळी पाहिल्या, तर ही नुसती चेष्टा आहे असे म्हणवत नाही. तिसऱ्या कडव्यात निवेदक म्हणतो, की पहिली वाट मी पुन्हा कधीतरी जाण्यासाठी राखून ठेवली, आणि पाठोपाठ कबूल करतो, की एका वाटेतून दुसरी वाट कशी फुटत जाते हे माहीत असल्यामुळे मी इथे परत येईन की नाही याची मला शंकाच होती. यात थट्टा कुठे आहे? निवडीमागे सबळ कारण नसले तरी निवड माघारी घेता येत नाही, हे दुःख खरेच आहे. आपल्यापैकी किती जणांनी शाखा, नोकरी, गाव किंवा जोडीदार निवडताना दोन्ही बाजूंचा काटेकोर हिशेब केला होता? बहुतेक वेळा दोन्ही पर्याय सारखेच दिसत होते, एक धरला गेला, आणि फरक मात्र पडला तो पडलाच.

त्यामुळे शेवटचे विधान मी खोटे मानत नाही. ‘फरक पडला’ हे खरे आहे. ‘वाट कमी रुळलेली होती म्हणून पडला’ हे तेवढे मागाहून जोडलेले आहे. फ्रॉस्टनी त्या ठिकाणी एक खूणही ठेवली आहे. ‘आणि मी’ असे म्हणून ओळ तुटते, आणि पुढची ओळ पुन्हा ‘मी’ पासून सुरू होते. सांगणारा तिथे क्षणभर अडखळतो आणि मग ठाम स्वरात ती बनवलेली हकिकत सांगतो.

मेपलगाव

मी बरीच वर्षे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात राहतो, म्हणून रानाबद्दल थोडे लिहितो. कवितेचे बीज इंग्लंडमधल्या भटकंतीत असले, तरी त्यातला पाचोळ्याचा तपशील इथल्या कोणालाही लगेच पटेल. शरदात बर्च आणि मेपलची पाने रात्रभर गळतात, आणि सकाळी पायवाटेवर पिवळ्या पानांचा कोरडा, अखंड थर असतो. त्यावरून दहा-बारा माणसे गेली, की पाने खालच्या ओल्या मातीत दाबली जातात, चुरतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. कवितेत नेमके हेच आहे: दोन्ही वाटांवरच्या पानांना अजून एकाही पावलाने काळे केलेले नव्हते. म्हणजे निवेदक त्या दिवशीचा पहिलाच वाटसरू आहे. आधी कोण कुठून गेले हे पाचोळ्याने झाकून टाकले आहे, आणि ज्या खुणेवरून त्याला निवड करायची आहे, ती खूणच रानाने पुसली आहे.

इथून जवळच डेरी गावात फ्रॉस्टची शेतवाडी आहे. आजोबांनी घेऊन दिलेली ती साधारण तीस एकरांची जागा आता सरकारी स्मारक आहे. तिथे त्यांनी कोंबड्या पाळल्या, पुढे पिंकर्टन अकॅडमीत शिकवले आणि १९११ मध्ये ती जागा विकली. पुढे काय, याबद्दल घरच्यांच्या आठवणींत एक किस्सा येतो. एका बाजूला इंग्लंड आणि दुसऱ्या बाजूला एक मित्र होता ते व्हँकुव्हर, असे दोन पर्याय होते, आणि निर्णय नाणे उडवून झाला. नाण्याने इंग्लंड दाखवले. म्हणजे अमेरिकन कवितेतली निवडीबद्दलची सर्वांत गाजलेली कविता लिहिणाऱ्याने स्वतःची सर्वांत मोठी निवड छापा-काट्यावर सोडली होती.

कोपऱ्यातला

मेपलगाव, भाचीने उत्तरपत्रिकेत हे लिहिले तर परीक्षकांनाही नाणे उडवूनच गुण द्यावे लागतील.

सह्यकडा

याच कवीची ‘स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई इव्हनिंग’ आपल्याकडे पंडित नेहरूंमुळे घरोघरी पोचली. तिचे शेवटचे कडवे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून टेबलावर ठेवले होते, आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर वृत्तपत्रांतून ते सर्वांना समजले. हरिवंशराय बच्चन यांनी केलेला त्या ओळींचा हिंदी अनुवाद आमच्या पिढीला पाठ होता. त्यामुळे ‘मला अजून पुष्कळ मैल जायचे आहे’ हे कर्तव्यनिष्ठेचे ब्रीदवाक्य आहे, अशीच माझी समजूत राहिली. तिथेही असाच काही डाव आहे का? की ती कविता तरी सरळ आहे?

शब्दवेल्हाळ

सह्यकडा, ती कविता दिसते त्याहून गहिरी आहे. बर्फाने भरत चाललेले रान पाहत एक माणूस वर्षातल्या सर्वांत काळोख्या संध्याकाळी घोडागाडी थांबवतो. रानाचा मालक गावात राहतो, त्यामुळे याला पाहणारे कोणी नाही. घोडा घुंगरांचा आवाज करून, काही चुकले तर नाही ना, असे विचारतो. रान सुंदर, काळे आणि खोल आहे, पण दिलेले शब्द पाळायचे आहेत आणि झोपण्याआधी पुष्कळ मैल जायचे आहे.

आता बांधणी पाहा. पहिल्या तिन्ही कडव्यांत पहिली, दुसरी आणि चौथी ओळ यांचे यमक जुळते आणि तिसरी सुटी राहते. तीच सुटी ओळ पुढच्या कडव्याचे यमक ठरवते. प्रत्येक कडवे अशा रीतीने पुढच्याला हाक देते आणि गाडी चालू राहते. चौथ्या कडव्यात मात्र चारही ओळींचे यमक एकच आहे आणि शेवटची ओळ दोनदा येते. पुढे जायचे आहे असे शब्द सांगतात, पण यमक तिथेच थांबलेले आहे. कवी-समीक्षक जॉन चिआर्डी यांनी १९५८ मध्ये या थांबण्यात मृत्यूची ओढ दाखवली, तेव्हा फ्रॉस्टनी ते वाचन झिडकारले होते. कवीने नाकारले म्हणून ती ओढ नाहीशी होते असे मात्र मला वाटत नाही. आणखी एक गंमत म्हणजे ही हिमाची कविता त्यांनी १९२२ च्या जूनमध्ये, व्हरमाँटमधल्या शाफ्ट्सबरीला, एका दीर्घ कवितेवर रात्रभर जागून काम केल्यानंतर सकाळी लिहिली.

गणितातली_बाई

कवीचा हेतू अर्थ ठरवत नाही, हा माझा मुद्दा आपण थॉमस यांच्या बाबतीत दुर्लक्षित केलात आणि चिआर्डी यांच्या बाबतीत स्वतःच वापरलात, एवढे नोंदवून ठेवते.

जुनाट_वाचक

बाईंची नोंद बिनतोड आहे. मला निसर्गाबद्दल काही म्हणायचे आहे, कारण धाग्यात आतापर्यंत रानाचा उपयोग केवळ निवडीची पार्श्वभूमी म्हणून झाला आहे.

फ्रॉस्टकडे निसर्ग सल्ला देत नाही, कौल देत नाही आणि सांत्वनही करत नाही. ‘द नीड ऑफ बीइंग व्हर्स्ड इन कंट्री थिंग्ज’ नावाची त्यांची एक कविता आहे, १९२३ च्या ‘न्यू हॅम्पशर’ या संग्रहातली. शेतघर जळून गेले आहे, फक्त धुराडे उभे आहे. पलीकडचे कोठार वाऱ्याची दिशा वेगळी असल्यामुळे वाचले, पण आता तिथे गवत भरलेल्या गाड्या येत नाहीत. त्याच्या फुटक्या खिडक्यांतून फीबी नावाची छोटी पाखरे आतबाहेर करतात, आणि त्यांचा आवाज गेलेल्या दिवसांसाठी टाकलेल्या उसाशासारखा वाटतो. कवी इथपर्यंत आपल्याला भावुक होऊ देतो. मग सांगतो, की लायलॅकला पुन्हा पालवी फुटली आहे, आगीची झळ लागलेल्या एल्मलाही फुटली आहे, आणि पाखरे तर घरटे मिळाल्यामुळे खुशीतच आहेत. ती रडत होती असा समज करून न घेण्यासाठी खेड्यातल्या गोष्टींची चांगली जाण लागते.

म्हणजे हळहळणारा माणूसच आहे. आता हे घेऊन पिवळ्या रानाकडे परत चला. वाटांनी निवेदकाला काहीही सांगितलेले नाही. एक वाट अधिक हक्काची आहे हा विचार त्याचाच, आणि म्हातारपणी टाकायचा उसासाही त्याचाच. समीक्षक लायनेल ट्रिलिंग यांनी १९५९ मध्ये फ्रॉस्टच्या ८५ व्या वाढदिवसाच्या मेजवानीत त्यांना भयकारी कवी म्हटले, तेव्हा पुष्कळ लोक रागावले, कारण त्यांना बर्फातला प्रेमळ आजोबा हवा होता. ट्रिलिंग यांची बाजू मला बरोबर वाटते.

निशिगंध

जुनाट वाचकांचे म्हणणे फ्रॉस्टपुरते मान्य केले, तरी ते साऱ्या अमेरिकन कवितेला लागू करू नये. एकोणिसाव्या शतकातल्या कवयित्री एमिली डिकिन्सन यांचे उदाहरण घ्या. त्यांनी ॲमहर्स्टमधल्या वडिलांच्या घराबाहेर पडणेच हळूहळू बंद केले. आपण वडिलांची हद्द ओलांडून कोणत्याही घरी किंवा गावी जात नाही, असे त्यांनी १८६९ मध्ये एका पत्रात लिहिले आहे. जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या आणि हयातीत जेमतेम दहाएक छापल्या गेल्या. आयुष्याची एवढी कठोर निवड करणाऱ्या या बाईंनी किशोरवयात वाळवून चिकटवलेल्या ४२४ वनस्पतींचा संग्रह आजही हार्वर्डमध्ये जपलेला आहे. त्यांच्या कवितेत अंगणातल्या पायवाटेवर एक पक्षी उतरतो, गांडुळाचे दोन तुकडे करून ते कच्चेच खातो, गवतावरचे दव पितो आणि एका भुंगेऱ्याला जाऊ देण्यासाठी बाजूला सरकतो. इथे क्रौर्य आणि शिष्टाचार शेजारी शेजारी आहेत, आणि पाहणारीला त्यातून ना सल्ला हवा आहे ना सांत्वन. जग लहान करून घेतल्यावर ते इतके नेमके दिसू शकते, हेच मला त्या निवडीचे समर्थन वाटते.

मेरी ऑलिव्हर यांच्या ‘द समर डे’ या कवितेचीही ‘रोड’सारखीच गत झाली आहे. या एकुलत्या एक, रानटी आणि मौल्यवान आयुष्याचे तू काय करणार आहेस, हा तिचा शेवटचा प्रश्न करिअर मार्गदर्शनाच्या भिंतींवर लावतात. पण त्याआधी कवितेत काय आहे? हातावरची साखर खाणारा एक नाकतोडा आहे. त्याचे जबडे वरखाली हलत नाहीत, मागेपुढे हलतात. तो पुढचे पाय उचलून तोंड धुतो, पंख उघडतो आणि उडून जातो. कवयित्री दिवसभर गवतात लोळली आहे, शेतांतून हिंडली आहे, आणि विचारते की मी दुसरे काय करायला हवे होते? म्हणजे तो प्रश्न कामाला लागा असे बजावणारा नाहीच. रिकाम्या दिवसाची ती बाजू मांडते आहे.

कोपऱ्यातला

आमच्या कार्यालयात हाच प्रश्न कॉफीच्या कपावर छापलेला आहे. गवतात लोळण्यासाठी रजेचा अर्ज टाकून पाहावा म्हणतो, कारण म्हणून कपाचे छायाचित्र जोडेन.

जुनाट_वाचक

निशिगंध, डिकिन्सन यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तो पक्षीसुद्धा काही सांगत नाही. ऑलिव्हर यांच्याबद्दल मात्र आपले जमणार नाही. नाकतोड्याचे वर्णन पहिल्या प्रतीचे आहे, परंतु कवितेच्या शेवटी वाचकाकडे वळून थेट प्रश्न विचारायचा मोह त्यांना आवरला नाही, आणि म्हणूनच ती ओळ कपावर गेली. जबड्यांची ओळ कोणी कपावर छापत नाही.

मास्तर_निवृत्त

मी इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. वर्गात ही कविता शिकवताना मी शेवटचे कडवे झाकून ठेवायला सांगत असे, आणि पहिल्या तीन कडव्यांवरून कोणती वाट कमी रुळलेली होती ते ओळीचा पुरावा देऊन लिहा, असे सांगत असे. वर्गात दोन तट पडत. काही जण गवताळपणा पकडत, काही जण पाचोळा. त्यानंतर चौथे कडवे उघडले, की मुलेच विचारत, की सर, हा माणूस पुढे जाऊन असे का सांगणार आहे? कवितेला तिथवर आणून सोडले की मुलांना फार सांगावे लागत नाही. घरातले एखादे वडीलधारे माणूस आपल्या नोकरीची किंवा लग्नाची गोष्ट दर वर्षी थोडी अधिक ठामपणे कशी सांगते, हे त्यांनी पाहिलेले असते.

वहीतल्या वाक्याबद्दल शिक्षकांना फार दोष देऊ नये. प्रश्नपत्रिकेच्या चौकटीत एक ओळ मागितली जाते आणि ते एक ओळ देतात. भाचीने परीक्षेत असे लिहावे, की निवेदकाला दोन्ही वाटा जवळपास सारख्या दिसल्या, त्याने एक निवडली, आणि ती निवडच निर्णायक ठरली असे तो भविष्यात सांगेल. यात कवितेबाहेरचे काही नाही, त्यामुळे याला कोणताही परीक्षक चूक ठरवू शकणार नाही. ‘यश’ मात्र लिहू नये.

पिंपळपार

सर्वांचे आभार. मास्तरांचे वाक्य तिला जसेच्या तसे दाखवले. तिचे म्हणणे असे, की मग त्या माणसाने थोडे थांबून पहिली वाटही तपासून यायला काय हरकत होती, रान काही पळून जात नव्हते. याला माझ्यापाशी उत्तर नाही.

गणितातली_बाई

उत्तर पहिल्याच कडव्यात आहे. एकच वाटसरू असल्यामुळे दोन्हींवरून जाता येत नाही, याचे त्याला वाईट वाटते. पण प्रश्न उत्तम आहे, तिला गणिताला पाठवा.

जुनाट वाचकांना मात्र एक विचारते. निसर्ग काही सांगत नाही म्हणता, तर दोन शेजारी ढासळलेली भिंत मिळून रचतात त्या फ्रॉस्टच्याच ‘मेंडिंग वॉल’ या कवितेत, भिंत नको असलेले काहीतरी आहे असे निवेदक म्हणतो, ते ‘काहीतरी’ कोण आहे? तिथे तर निसर्ग उघड पक्ष घेतो.

मेपलगाव

मी मध्ये बोलतो, कारण अशा भिंती माझ्या घरामागेच आहेत. शेतासाठी जमीन साफ करताना निघालेले धोंडे चुना-मातीशिवाय एकावर एक रचलेले असतात. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि धोंडे उचलते, वसंतात जमीन सैल होते आणि ते ढासळतात. दर वर्षी कुठे ना कुठे खिंडार पडतेच. यात पक्षबिक्ष काही नाही, पाणी गोठते एवढेच. पक्ष निवेदक घेतो, आणि तोही किती बेरकी पाहा. भिंत नको म्हणून शेजाऱ्याची मनातल्या मनात टर उडवणारा हाच माणूस दर वसंतात टेकडीपलीकडे निरोप धाडून त्याला भिंत बांधायला बोलावतो. ‘चांगल्या भिंतींनी शेजार चांगला राहतो’ हे वाक्य सर्रास फ्रॉस्टच्या नावावर खपते, पण कवितेत ते त्या शेजाऱ्याच्या तोंडी आहे, आणि त्यालाही ते बापाकडून मिळालेले आहे.

जुनाट_वाचक

मेपलगाव यांनी माझे काम केले. फक्त एक भर घालतो. शेजारी बापाचे वाक्य दोनदा म्हणतो, आणि निवेदक आपले ‘काहीतरी’ही दोनदाच म्हणतो. त्यामुळे ज्याला आपण खुळचट समजतो तो शेजारी आणि ज्याला शहाणा समजतो तो निवेदक, दोघेही आपापल्या ठरलेल्या वाक्याला धरून चालले आहेत, आणि भिंत मात्र दोघे मिळून पूर्ण करत आहेत. बाईंना हे पटणार नाही याची खात्री आहे. त्यांनी ‘मेंडिंग वॉल’वर वेगळा धागा काढावा, मी आपले म्हणणे तिथे ओळीनिशी मांडतो.

गणितातली_बाई

काढते. येताना पुरावे घेऊन या.